बायकोचे स्की बूट: बावीस दिवस वापरल्यानंतर

उतार संपला की ही थांबायची, काठ्या बर्फात रोवायची आणि वाकून बुटांची बकलं उघडायची. एका बुटाला चार, दोन्ही मिळून आठ. मग लिफ्टच्या रांगेत उभ्या उभ्या बुटाच्या आत बोटं हलवत राहायची. वर पोचली की पुन्हा आठही आवळायची. दिवसात पंधरा फेऱ्या झाल्या तर हे पंधरा वेळा. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. इतके हिवाळे मी हे उताराच्या पायथ्याशी उभा राहून पाहिलं आणि स्कीइंग म्हटलं की एवढं सोसायचंच, असं धरून चाललो. तीही तसंच धरून चालली होती.

या हिवाळ्यात ती नव्या बुटांत बावीस दिवस बर्फावर होती. त्या बावीस दिवसांत पायथ्याशी वाकलेली मी तिला दोनदाच पाहिली, दोन्ही वेळा पहिल्या आठवड्यात. म्हणून हे परीक्षण लिहायला बसलो.

कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. तिच्या पायाला बसलेला बूट तुमच्या पायाला बसेल याची काहीच खात्री नाही, आणि नाव दिलं की वाचणारा तेवढंच लक्षात ठेवतो. त्यापेक्षा बुटाची मापं, त्याची घडण आणि तो पायाला कसा बसवून दिला हे सविस्तर सांगतो. हे परीक्षण जितकं बुटाचं आहे तितकंच तो बसवणाऱ्या फिटरच्या हातांचं आहे.

मी स्वतः स्की करत नाही. दोन हिवाळे शिकलो, मग कंबरेमुळे थांबलो. पण तिच्या स्कीच्या कडांना धार लावणं, तळाला मेण लावणं, बूट वाळवणं ही कामं वर्षानुवर्षं माझ्याकडे आहेत, आणि संध्याकाळी तिच्या पायांतून बूट ओढून काढणंही. त्यामुळे बुटांबद्दल मला जे कळतं ते हातांनी कळलेलं आहे.

ती अठ्ठावन्न वर्षांची आहे. सतराव्या वर्षी पहिल्यांदा स्कीवर उभी राहिली. मधल्या एकेचाळीस वर्षांत दोनच हिवाळे सुटले, एक गरोदरपणातला आणि एक गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा. घरातल्या एका खोलीचं दार कधीच पूर्ण उघडत नाही, कारण मागे स्की उभ्या असतात. दात घासताना ती गुडघे थोडे वाकवून, नडग्या पुढे रेटून उभी राहते. हे तिला स्वतःला ठाऊक नाही, मी कधी सांगितलंही नाही. प्रत्येक हिवाळ्याची तिची एक वही असते. तारीख, बर्फ कसा होता, किती फेऱ्या झाल्या, कुठलं वळण साधलं, कुठलं बिघडलं, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: ‘बूट काढले’, पुढे वेळ. पावणेचार. सव्वातीन. दोन वीस. गेल्या उन्हाळ्यात मी त्या वह्या ओळीने वाचून काढल्या. बर्फ बदलतो, उतार बदलतात, तिच्या स्की बदलतात, पण ती शेवटची ओळ कुठेच सुटत नाही. आणि गेल्या सात-आठ वर्षांत तिथली वेळ अलीकडे अलीकडे सरकत आलेली दिसते. शेवटच्या वहीत तर बहुतेक पानांवर बाराच्या आसपास. त्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं, ‘आता थांबावं का?’

मला ती याबद्दल काही बोलली नव्हती. तो प्रश्न वाचून मला फार वाईट वाटलं. पाय थकले म्हणून थांबायचं असतं तर मी समजू शकलो असतो. पण तिचे पाय थकले नव्हते, ते दुखत होते. उन्हाळ्यात ही बाई दिवसभर डोंगर चढून येते आणि संध्याकाळी घर आवरते. दुखणं बुटातलं होतं.

काय दुखायचं ते सांगतो, कारण हे वाचणाऱ्या अनेकांचं तेच दुखत असेल. डाव्या अंगठ्याचं नख दर हिवाळ्यात काळं पडायचं आणि गळायचं. दोन्ही पायांची बोटं तासाभरात बधिर व्हायची आणि गार पडायची, कितीही जाड मोजे घातले तरी. उजव्या करंगळीच्या मुळाशी हाड पुढे आलंय, तिथे जळजळ व्हायची. आणि दुपारनंतर मांड्या पेटायच्या. प्रत्येक दुखण्यावर तिने एक उपाय शोधून ठेवला होता. नख काळं पडतं म्हणजे बूट लहान, म्हणून पुढचा बूट मोठा घ्यायचा. पाय गार पडतात म्हणून दोन मोजे. मांड्या पेटतात म्हणून उन्हाळाभर पायांचा व्यायाम. चारही दुखण्यांचं मूळ एकच असेल हे आम्हा दोघांच्याही डोक्यात कधी आलं नाही.

तिचं बुटांशी असलेलं नातं समजायला थोडं मागे जावं लागेल. १९६०च्या दशकात अमेरिकेत बॉब लँग यांनी प्लास्टिकचे स्की बूट बाजारात आणले, त्याआधी बूट चामड्याचे असत. ही शिकली ऐंशीच्या दशकात, तेव्हा मागून उघडणाऱ्या बुटांची चलती होती. टाचेकडून बूट उघडायचा, पाय आत सरकवायचा, मागचं झाकण लावून टाकायचं. घालायला सोपा, चालायलाही बरा, पण पायाचा वरचा भाग त्यात धरला जात नसे. पाय आत हलायचा. तिचा पहिला जोड असा होता, तोही उसना आणि मोठा. नंतर तिने चार बकलांचे बूट घेतले, तेव्हा तिच्या शिक्षकाने तिला सांगितलं होतं की दुखत नाही तो बूटच नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीच्या मनात असं एक वाक्य बसलं की ते चाळीस वर्षं निघत नाही. ती दुखण्याला शिस्त समजत आली.

स्कीच्या बाबतीत मात्र ती चोखंदळ. लांबच लांब, सरळ स्कीवर शिकलेली. १९९०च्या दशकात स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीच्या एससीएक्सने मधे बारीक, टोकांना रुंद अशा आकाराची वाट मोकळी केली, तेव्हा हिने काही वर्षं त्यांना हात लावला नाही. एकदा लावला आणि त्या दिवशीच्या पानावर फक्त ‘स्की स्वतः वळते!’ एवढंच लिहिलं. त्यानंतर तिने स्की तीन वेळा बदलल्या, दर वेळी महिनोन्‌महिने वाचून, विचारून. बूट घेताना मात्र दुकानात जाऊन रोजच्या चपलांचं माप सांगायचं, पाय घालून बघायचा, बोटं मोकळी आहेत ना, झालं. एका दुकानाने तिला २६.५ मापाचा, ११० फ्लेक्सचा, म्हणजे पुढे वाकायला बराच कडक असा बूट दिला होता. इतक्या वर्षांची स्कीअर आहात तर कडकच बूट हवा, असं तिथे सांगितलं. तो बूट तिने नऊ हिवाळे घातला.

नव्या फिटरकडे गेलो तेव्हा त्याने एकही बूट काढला नाही. आधी मोजे काढायला सांगितले. तिला अनवाणी उभं केलं, बसवलं, पुन्हा उभं केलं. घोटा किती वाकतो ते पाहिलं. कमान उभं राहिल्यावर किती खाली बसते ते पाहिलं. पोटरी कुठून सुरू होते ते हाताने चाचपलं आणि म्हणाला, बायकांची पोटरी खालपर्यंत भरलेली असते, म्हणून त्यांच्या बुटाची वरची कॉलर बुटकी हवी, नाहीतर ती पोटरीला मागून ढकलत राहते. ही वीस मिनिटं मला सगळ्यात मोलाची वाटली. एकेचाळीस वर्षांत तिच्या पायांकडे कोणी असं पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

मग माप. डावा पाय २४२ मिलिमीटर, उजवा २४५. स्की बुटाचं माप, ज्याला मोंडोपॉइंट म्हणतात, ते म्हणजे सरळ पायाची सेंटिमीटरमधली लांबी. म्हणजे तिचं माप २४.५. ती घालत होती २६.५.

तिचा विश्वास बसेना. मग त्याने तिच्या जुन्या बुटातला मऊ लायनर उपसून काढला आणि नुसत्या प्लास्टिकच्या कवचात तिला पाय घालायला लावला. बोटं पुढे जेमतेम टेकतील असा पाय सरकवायचा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघायचं, एवढीच ही परीक्षा. मी वाकून बोटं घातली. टाचेमागे माझी दोन बोटं आरामात गेली, साडेतीन सेंटिमीटर जागा होती. ती दीड-दोनच्या आत असावी लागते. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली: बहुतेक कंपन्यांचं बाहेरचं कवच पूर्ण मापातच येतं. २४ आणि २४.५चं कवच बहुधा एकच असतं, फरक आतल्या अस्तराचा किंवा तळव्याखालच्या पट्टीचा. अर्ध्या मापावरून दुकानात घासाघीस करण्यात अर्थ नसतो.

त्यानंतर फिटरने तिच्या दुखण्यांची साखळी उलगडून दाखवली, ती मी जशी समजलो तशी लिहितो. बूट मोठा असला की पाय आत पुढे-मागे सरकतो. वळणावर तो पुढे जातो, अंगठा कवचावर आपटतो, नख काळं पडतं. माणसाला वाटतं बूट लहान आहे, तो आणखी मोठा घेतो. सरकणारा पाय धरून ठेवायला बकलं जोरात आवळावी लागतात. पायाच्या पाठीवरून रक्तवाहिनी आणि नसा बोटांकडे जातात, त्या दाबल्या जातात, बोटं बधिर होतात, गार पडतात. मग माणूस जाड मोजे घालतो, दाब आणखी वाढतो. टाच जागची हलते म्हणून पाय वळला तरी स्की उशिरा वळते, आणि भरवसा वाटेनासा झाला की शरीर आपोआप मागे झुकतं. मागे झुकलेलं शरीर तोलायला मांड्या दिवसभर राबतात. त्यात बूट ११०चा. ५४ किलो वजनाच्या बाईने नडगी कितीही रेटली तरी तो पुढे वाकत नाही, म्हणजे पुढे झुकायची वाटही बंद.

ती हे सगळं ऐकून गप्प झाली. बराच वेळ. मग म्हणाली, “म्हणजे मी चाळीस वर्षं मागे बसून स्की केली?” फिटर म्हणाला, नाही, तुम्ही चाळीस वर्षं अशा बुटांत उभं राहायचा प्रयत्न केलात. मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला.

निवडलेला बूट असा: माप २४.५, फ्लेक्स ८५, रुंदीचा आकडा १०२, चार बकलं, वर रुंद पट्टा, बुटकी कॉलर, जोडीचं वजन साडेतीन किलोच्या आसपास. या आकड्यांबद्दल दोन शब्द. फ्लेक्स म्हणजे बूट पुढे वाकवायला किती जोर लागतो त्याचा अंदाज, पण सगळ्या कंपन्यांना बांधील असं एकच मोजमाप त्याला नाही. एकाचं ८५ दुसऱ्याच्या ९५सारखं लागू शकतं. शिवाय थंडीत प्लास्टिक कडक होतं, त्यामुळे दुकानाच्या उबेत किंचित मऊ वाटलेला बूट बर्फावर बरोबर निघतो. रुंदीचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो, चवड्यापाशी मोजलेला, पण तो सर्वसाधारणपणे २६.५ मापाच्या बुटाचा देतात. लहान मापात रुंदी त्या प्रमाणात कमी होते. म्हणून १०२ वाचून घाबरू नये आणि हुरळूनही जाऊ नये.

पहिल्यांदा पाय घातला तेव्हा ती म्हणालीच, “बोटं टेकताहेत. लहान आहे.” फिटरने बकलं हलकी लावली, टाच दोनदा जमिनीवर आपटायला सांगितली आणि गुडघे पुढे वाकवायला लावले. नडगी पुढे गेली, टाच मागे तिच्या खळग्यात बसली आणि बोटं कवचापासून सुटली. सरळ उभं राहिलं की बोटं टेकायला हवीत, गुडघे वाकले की सुटायला हवीत. स्की करताना कोण सरळ उभं राहतं? बूट घेताना मात्र सगळे सरळ उभे राहूनच ठरवतात. तिने सात-आठ वेळा वाकून, उठून पाहिलं. मला आरशासमोर पहिल्यांदा साडी नेसून वळून वळून बघणारी मुलगी आठवली, असं तिला सांगितलं तेव्हा ती लाजली.

पुढचं काम तासा-दीड तासाचं. तळव्याखालची पट्टी तिच्या कमानीप्रमाणे घडवली. लायनर तापवला, बोटांवर एक जाड टोपी चढवली, म्हणजे निवल्यावर बोटांना तेवढी मोकळीक राहते, आणि दहा-बारा मिनिटं तिला बुटात न हलता उभं केलं. उजव्या करंगळीच्या मुळाशी कवच गरम करून आतून दाबून बाहेर फुगवलं. बुटाच्या बाजूला घोट्यापाशी एक स्क्रू असतो, त्याने कॉलरचा आतला-बाहेरचा कल तिच्या पायांच्या ठेवणीला जुळवला.

आता बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर सोडणारी पकड. हा भाग कोणीही टाळू नये. जुन्या बुटाचा तळ ३०५ मिलिमीटर लांब होता, नव्याचा २८६. बूट बदलला की बाइंडिंग पुन्हा जुळवून घ्यावंच लागतं, नाहीतर बूट त्यात नीट अडकतही नाही आणि वेळेवर सुटतही नाही. कुठल्या जोराला ते सुटावं याचा आकडा वजन, उंची, वय, तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तक्त्यात काढतात. वय पन्नास किंवा जास्त असेल तर तक्त्यात एक पायरी खालचा, म्हणजे लवकर सुटणारा आकडा घेतात. स्की करण्याच्या पद्धतीचे तीन प्रकार आहेत आणि प्रकार स्कीअरनेच स्वतःचा सांगायचा असतो. ही आयुष्यभर ‘तीन’ सांगत आली. या वेळी थोडं थांबून ‘दोन’ म्हणाली. मी काही बोललो नाही, पण मला हायसं वाटलं.

आणखी एक अडचण निघाली. नवा बूट ग्रिपवॉक तळाचा होता, म्हणजे चालायला सोपं जावं म्हणून गोलसर उचललेला, रबराचा. असा तळ प्रत्येक बाइंडिंगला चालत नाही, बाइंडिंग त्यासाठी बनवलेलं असावं लागतं. तिची बाइंडिंग जुन्या, सपाट तळासाठीची. सुदैवाने या बुटाचे तळ बदलता येतात. फिटरने सपाट तळ लावून दिले. त्यामुळे बर्फाळ फरशीवर ती पूर्वीसारखीच जपून चालते, वर रबरी खोळी चढवते. बूट घेताना घरची बाइंडिंग कुठली आहे ते आधी बघून जा. आम्ही स्की सोबत नेल्या होत्या म्हणून वाचलो.

गुडघ्याबद्दलही स्पष्ट लिहितो. एकावन्नाव्या वर्षी तिच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. साधा उतार, वेग जवळजवळ नाही, ती मागे बसल्यासारखी पडली, पाय वळला, बाइंडिंग सुटलं नाही. सुटणाऱ्या बाइंडिंगमुळे नडगीची हाडं मोडण्याचं प्रमाण पूर्वीपेक्षा खूप घटलं, पण ती बाइंडिंग मुळात गुडघ्याच्या लिगामेंटसाठी बनवलेली नाहीत. तेव्हा सैल बूट होता म्हणून गुडघा गेला असं मी म्हणत नाही, आणि नव्या बुटांनी गुडघा सुरक्षित झाला असंही म्हणत नाही. एवढंच सांगतो की ती आता मागे बसत नाही. खालून बघताना हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. तिचे हात पुढे होते.

पहिले तीन दिवस सोपे गेले नाहीत. पहिल्या दिवशी तळव्याच्या कमानीत गोळे आले, नव्या पट्टीची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी उजवी करंगळी पुन्हा जळू लागली आणि ती वाकली. मला धस्स झालं. तिसऱ्या दिवशी आम्ही फिटरकडे परत गेलो, त्याने त्याच जागी कवच आणखी दोन मिलिमीटर फुगवलं. नंतर डाव्या नडगीवर वळ उठला, तेव्हा कळलं की वरचा पट्टा ती जुन्या सवयीने दिवसभर सैल ठेवत होती आणि नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर आपटत होती. पट्टा घट्ट केल्यावर ते थांबलं. पाचव्या दिवसापासून मात्र तक्रार नाही. एकच मोजा, पातळ, लोकरीचा. पाय गरम. बकलं दुसऱ्या-तिसऱ्या दातावर, म्हणजे दोन बोटांनी लागतील इतकी हलकी.

ती फार बोलणारी नाही, पण सातव्या दिवशी लिफ्टच्या रांगेतून माझ्याकडे बघून ओरडून म्हणाली, “अरे, पूर्वी मी बुटाला सांगायचे, मग बूट स्कीला सांगायचा!” रांगेतल्या कोणाला काही कळलं नसेल. मला कळलं.

कडक बर्फावर फरक सगळ्यात जास्त दिसतो. तिथे स्कीची कड बर्फात रुतायला हवी, आणि ती रुतवायला पायाची अगदी बारीक हालचाल पुरते, फक्त ती वाटेत हरवायला नको. पूर्वी कडक बर्फाचा दिवस असला की तिच्या वहीत ‘घसरले’ हा शब्द हमखास यायचा. या वर्षी कडक बर्फाचे सहा दिवस मिळाले, त्यांत एकदाच आला. भुसभुशीत, खोल बर्फात मला खालून फारसा फरक दिसला नाही, तीही तसंच म्हणाली.

दोष आहेत. सकाळी थंडीत हा बूट घालणं हे मोठं काम आहे. एकदा बूट रात्रभर गाडीत राहिले, तर घालायला वीस मिनिटं लागली आणि तिचा संताप झाला. प्लास्टिक उबेत ठेवलं तरच ते उघडतं. घालताना जीभ पुढे नाही, थोडी बाहेरच्या बाजूला ओढायची, मग पाय सरकतो. खालून दुसरं बकल दातावर पुरेसं अडकत नाही, दुसऱ्या बुटाचा धक्का लागला की आपोआप उघडतं. बकल पिळून लांबी कमी-जास्त करता येते, ती थोडी कमी केल्यावर बरं झालं, पण पूर्ण गेलं नाही. वरच्या पट्ट्याच्या चिकटपट्टीत बर्फ भरला की ती सुटते, दर थोड्या वेळाने झटकावी लागते. या दर्जाच्या बुटाला याहून चांगला पट्टा हवा होता. आणि लायनर वाळायला वेळ लागतो. मी रोज रात्री तो बाहेर काढून कोमट वाऱ्याच्या ड्रायरवर ठेवतो. हीटरजवळ कधीच नाही, त्याने लायनर आणि प्लास्टिक दोन्ही बिघडतात. कवच ठेवताना बकलं हलकी लावून ठेवायची, नाहीतर त्याचा आकार बिघडतो.

लायनर वापराने दबत जाणार, म्हणजे आज नेमका बसणारा बूट पुढे थोडा सैल होईल हे फिटरने आधीच सांगून ठेवलंय. पुढच्या हिवाळ्याआधी एकदा दाखवून आणायचा आहे.

कोणी असे बूट बसवून घ्यायला जाणार असेल तर अर्धा दिवस काढून जावं, सकाळी घाईने नको, दुपारी जावं, तोवर पाय थोडे पसरलेले असतात. जुने बूट, स्की आणि रोज वापरायचा तो एक पातळ मोजा घेऊन जावं. आणि समोरच्या माणसाने मोजे काढायला न सांगताच खोकी उघडायला घेतली तर उठून यावं. आम्ही इतकी वर्षं उठून आलो नाही.

आमच्याकडून या बुटांना पाचपैकी साडेचार, अर्धा पट्ट्याचा आणि बकलाचा कापला. फिटरला पूर्ण पाच.

बाविसावा दिवस हा हिवाळ्याचा शेवटचा होता. लिफ्ट बंद व्हायच्या आधीची शेवटची फेरी तिने घेतली. पायथ्याशी ऊन गेलं होतं, ओला बर्फ परत गोठायला लागला होता. ती आली, स्की काढून मला दिल्या आणि बाकावर बसली. मी सवयीने तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो आणि वरच्या बकलाला हात घातला. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“थांब रे जरा. राहू दे. पाय अजून गरम आहेत.”